दरवळ आणि झाकण

सिडारच्या पेटीचं झाकण उचललं की कपड्यांआधी वास भेटतो. गोडसर, किंचित उग्र, पेन्सिलीला टोक काढताना येतो त्या जातीचा. हे साम्य उगाच नाही, कारण एकोणिसाव्या शतकात उत्तम पेन्सिली याच लाकडाच्या बनत. अमेरिकेच्या पूर्व भागात वाढणाऱ्या या झाडाला तिथे ‘रेड सिडार’ म्हणतात, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ते सिडार नव्हेच, जुनिपर आहे: जुनिपेरस व्हर्जिनियाना. खऱ्या सिडारच्या कुळातला म्हणाल तर आपला हिमालयातला देवदार. नावातला हा घोटाळा निरुपद्रवी आहे. वासाबद्दलचा घोटाळा मात्र महागात पडतो. लोकरीचे कपडे या पेटीत ठेवले की नुसत्या वासाने कसर मरते, पेटी जितकी घमघमणारी तितकी चांगली आणि वास उडाला की ती निकामी, असं धरून लोक पेट्या विकत घेतात, घासतात, त्यांना तेलं चोपडतात. पुरावा वेगळंच सांगतो. या पेटीचं मुख्य काम तिचं झाकण करतं आणि वास फार तर त्याच्या हाताखाली राबतो. एवढं पटलं की पेटी कशी निवडायची, कशी साफ करायची आणि दुरुस्त करताना कुठे हात आवरायचा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बदलतात.

आधी कसरीकडे पाहू. मराठीत आपण कापड आणि कागद खाणाऱ्या सगळ्याच किड्यांना सरसकट कसर म्हणतो. पण कागद आणि खळ खाणारी चंदेरी कसर निराळी, लोकर खाणारी निराळी. लोकरीचं नुकसान करते ती एका इवल्याशा, पिवळट सोनेरी पतंगाची अळी. पतंग स्वतः काहीच खात नाही. मादी घडीच्या आडोशाला चाळीस-पन्नास अंडी घालून मरते, आणि पुढचं सगळं खाणं अळी करते: लोकर, केस, पिसं, त्यातही घामाचा किंवा अन्नाचा डाग असलेली जागा आधी. अमेरिकेच्या कृषी खात्याने सिडारच्या पेट्यांवरचे प्रयोग १९२२ मध्येच प्रसिद्ध केले होते. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या कोवळ्या अळ्या अशा पेटीत मरतात, हे त्या प्रयोगांत दिसलं. पण अंडी फुटायची थांबत नाहीत, आणि वाढलेल्या अळ्यांना किंवा पतंगांना या वासाचं फारसं सोयरसुतक नसतं. म्हणून कपडे झटकून, ब्रशने घासून, ऊन दाखवून मगच पेटीत ठेवावेत, असा त्या प्रयोगांचा सल्ला होता. यातली सहसा लक्षात न येणारी गोष्ट अशी की कोवळी अळी मरते तीसुद्धा पेटीतल्या हवेत लाकडातलं तेल दाट साठलेलं असेल तरच. ते दाट साठायचं तर बाहेर निसटून चालणार नाही. बंद पेटी खोलीभर दरवळत असेल तर ती गुणी नाही, गळकी आहे.

म्हणून जुनी पेटी निवडताना नाक मागे आणि डोळा पुढे ठेवावा. मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवायचा, झाकण लावायचं आणि खोलीत अंधार करायचा. कडेला जिथे उजेडाची रेघ दिसते तिथून पतंगाला वाट आहे. मग कागदाची पट्टी झाकणाखाली चारी बाजूंनी चिमटून ओढून पाहायची. ती अडखळत आली तर झाकण बसतंय. अलगद निसटली तर तिथे फट आहे. फटीचं कारण बिजागरी असेल तर चिंता नाही. स्क्रूची भोकं सैल झालेली असतात, त्यांत सरस लावलेली काडी ठोकून स्क्रू पुन्हा आवळले की काम होतं. पण झाकणाची फळीच पिळली असेल, एक कोपरा बसवला की समोरचा उठत असेल, तर वास कितीही सुरेख असो, पेटी सोडून द्यावी. ती फळी सरळ करणं चांगल्या सुताराच्याही हाताबाहेरचं असतं. तळाच्या फळ्यांवर पाण्याचे काळे डाग आहेत का, लाकडात बारीक भोकं आणि ताजा भुसा आहे का, हे त्यानंतर पाहायचं. आतल्या लालसर फळ्यांमधले पांढरट पट्टे दिसायला सुंदर असतात, पण तेल साठतं ते लाल गाभ्यात. वासाकडे वळायचं ते शेवटी, आणि तेही दोन दोष हुंगायला: ओल आणि डांबरगोळ्या. डांबरगोळ्यांचा वास एकदा लाकडात मुरला की महिनोन् महिने जात नाही.

घट्ट झाकणाची दुसरी बाजू याहून गंभीर आहे. अमेरिकेत ही पेटी घरोघर पोचवली ती प्रामुख्याने ‘लेन’ कंपनीने. व्हर्जिनिया राज्यातल्या अल्टाव्हिस्टा गावात तिचा कारखाना १९१२ मध्ये सुरू झाला. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याची खोकी बनवताना तिथे साखळी पद्धतीचं उत्पादन रुळलं आणि पुढे ते सिडारच्या पेट्यांना लागू झालं. लग्नाआधी मुलीने चादरी, रजया, टेबलक्लॉथ साठवायचे ते या पेटीत, आपल्याकडच्या रुखवतासारखे, पण बरीच वर्षं आधीपासून. कंपनीने ही रीत जाहिरातींतून जोपासली. शाळा संपवणाऱ्या मुलींना पेटीच्या छोट्या प्रतिकृती भेट मिळत. १९१२ ते १९८७ या काळात लेनच्या सुमारे १.२ कोटी पेट्या बनल्या, आणि त्यांचं कुलूप झाकण पडताच आपोआप लागणारं होतं. ते फक्त बाहेरून उघडतं. खेळता खेळता पेटीत लपलेल्या सहा मुलांचे गुदमरून मृत्यू झाल्यावर १९९६ मध्ये ही कुलपं बदलून देण्याची मोहीम जाहीर झाली. तरीही २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका घरात दोन भावंडं अशाच पेटीत दगावली, आणि पुढच्या वर्षी तोच इशारा पुन्हा द्यावा लागला. जे झाकण कसरीला आत येऊ देत नाही ते हवेलाही येऊ देत नाही. तेव्हा जुनी पेटी घरात आली की झाडण्यापुसण्याच्या आधीचं काम म्हणजे कुलूप तपासणं. लेनच्या पेटीच्या तळावर छापलेला क्रमांक उलटा वाचला तर बनवल्याची तारीख कळते. पण तारखेवर विसंबण्यापेक्षा झाकण नुसतं पाडून पाहावं. कडी आपोआप अडकली तर स्क्रू काढून ती त्याच दिवशी उतरवावी.

इथे जुन्या वस्तूंचे शौकीन हरकत घेतात: मूळ कुलूप काढलं तर पेटीचं अस्सलपण गेलं, किंमतही घसरली. आक्षेप अगदीच पोकळ नाही. जुनी वस्तू दुरुस्त करताना मूळचं जितकं राखता येईल तितकं राखावं, हे तत्त्व बरोबरच आहे. पण त्याच तत्त्वाची दुसरी अट अशी की केलेला बदल उलटवता यावा, आणि कुलूप काढण्याइतका सहज उलटवता येणारा बदल दुसरा नाही. काढलेलं कुलूप स्क्रूंसकट पाकिटात घालून जपून ठेवावं, भोकं तशीच राहू द्यावीत. झाकण घट्ट बसण्यासाठी त्याचं वजन आणि नीट आवळलेली बिजागरी पुरते. आपोआप लागणाऱ्या कडीची गरज नसते. अस्सलपणाला खरा धक्का बसतो तो अस्सलपणाच्याच नावाने केलेल्या, न उलटणाऱ्या कामांनी, आणि ती कामं बहुधा पेटीच्या आत होतात.

पेटीची आतली बाजू कोरी, बिनपॉलिशची असते ती कारागिराच्या आळसामुळे नव्हे. त्या लाकडाने श्वास सोडत राहावं, अशीच तिची रचना आहे. आत व्हार्निश लावलं तर तेल कोंडतं, आणि त्याच्या वाफांनी व्हार्निश मऊ पडून चिकट होतं. मग वर ठेवलेली शाल त्याला चिकटते. साबणाचं पाणी घातलं तर फळ्या फुगतात आणि इतकं जपलेलं झाकण अडू लागतं. म्हणून आत करायचं ते इतकंच: व्हॅक्यूमने सांध्यांमधली धूळ आणि जुनी अंडी ओढून घ्यायची, राळेचे चिकट ठिपके स्पिरिटच्या जेमतेम ओल्या फडक्याने पुसायचे आणि झाकण उघडं टाकून पेटी सावलीत काही दिवस वाळू द्यायची. वास परत आणायला बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलकेच फिरवला की पुरे. घासल्याने वास परततो, मग तो निरुपयोगी कसा, असं कोणी विचारेल. निरुपयोगी नाहीच. वरचा सुकलेला थर निघाला की खालचं तेल मोकळं होतं आणि कोवळ्या अळ्यांना त्याचा त्रास होतो. पण हा लाभ काही वर्षांनी ओसरतो, आणि दर घासणीला फळी झिजते. वरून सिडारचं तेल ओतणं तर टाळावंच. वास येतो, पण कपड्यांवर तेलकट डाग पडतात.

बाहेरच्या बाजूला मोह वेगळा असतो, पेटी नवीकोरी दिसावी याचा. १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या कित्येक पेट्या आतून सिडारच्या आणि बाहेरून अक्रोडाच्या पातळ पापुद्र्याने मढवलेल्या असतात. घासणीचं यंत्र फिरवलं की तो पापुद्रा क्षणात फाटतो आणि मग परतीची वाट उरत नाही. म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा थेंब टाकून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला तर वरचा थर चपड्याचा, म्हणजे लाखेचा आहे, जी त्या काळी मुख्यतः भारतातूनच जात असे. चपडा सुटतो तसा पुन्हा बसतोही. स्पिरिटमध्ये भिजवलेला ब्रश हलक्या हाताने फिरवला की बारीक चरे आपसूक मिटतात. पापुद्रा सुटला असेल तर खाली बहुधा सरस असतो. ओलसर फडक्यावरून कोमट इस्त्री फिरवून वजन ठेवलं की तो पुन्हा धरतो. रंगवलेली पेटी मात्र कोरडी घासू नये. अमेरिकेत घरगुती रंगांत शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये, आणि जुन्या रंगाची धूळ विषारी असू शकते.

सगळं काम झाकणच करत असेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा काय वाईट, हा शेवटचा आणि सर्वांत रास्त प्रश्न. फक्त स्वेटरच राखायचे असतील तर काही वाईट नाही. डबा स्वस्त आणि हलका आहे. पण दमट कपडे डब्यात गेले तर ओल तिथेच कोंडते, लाकूड निदान थोडी शोषून घेतं. शिवाय डब्याचं झाकण तडकलं की डबा कचऱ्यात जातो, पेटीची बिजागरी बदलता येते. लाकडाच्या या गुणांची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजतात आतले कपडे. लाकडातली आम्लं आणि तेलं कापड पिवळं पाडतात, म्हणून वस्त्रं जतन करणारे तज्ज्ञ ती लाकडाला थेट टेकू देत नाहीत. अमेरिकेतल्या मराठी घरात अशा पेटीत शालीशेजारी पैठणी विसावणार असेल, तर आजीचीच रीत तिथे चालते: धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या मऊ धोतरात साडी गुंडाळायची, आणि वर्षातून एकदा घडी मोडून दुसरीकडे घालायची, म्हणजे त्याच रेषेवर रेशीम चिरत नाही. त्याच दिवशी लोकरीचे कपडे उन्हात झटकले जातात, घडीत दडलेली अंडी पडतात, बिजागरी हाताने चाचपून होते. वर्षभर झाकण घट्ट मिटलेलं हवं हे खरं. पण १९२२ च्या त्या सल्ल्याचं निम्मं काम झाकण उघडं असतानाच करायचं आहे.