फटफटीची निगा : घरीं कीं विक्रेत्याकडे ?



मध्यम स्थितींतील कुटुंबांत मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. कचेरी, बाजार, मुलांची शिकवणी, या सर्वांचा भार तिच्यावरच असतो. साहजिकच विक्रेत्याच्या वर्कशॉपमधून येणारें सर्व्हिसिंगचें बिल घरच्या जमाखर्चांत ठळक दिसतें, आणि तें पाहून पुष्कळांच्या मनांत येतें कीं, एवढें काम आपणच कां करूं नये ? एका शब्दांत याचें उत्तर देतां येणार नाहीं. परंतु हिशेब नीट मांडला म्हणजे तें आपोआप सांपडतें.

सोयीसाठीं कांहीं आंकडे गृहीत धरूं. आपल्या नेहमींच्या शंभर-सव्वाशें सी. सी.च्या गाडीस सुमारें एक लिटर इंजिन ऑइल लागतें. त्याचे 400 रुपये धरा. मजुरी 400, धुण्याचे 100 आणि चेनचें वंगण वगैरे किरकोळ 100. तेलाच्या छापील किंमतींत कर आलेलाच असतो. उरलेल्या 600 रुपयांवर शेकडा 18 प्रमाणें वस्तु व सेवा कर 108 रुपये. एकूण बिल 1,108 रुपयांचें झालें. तेंच काम घरीं केलें तर तेलाचे 400 आणि वॉशर, रॉकेल, चिंध्या व वंगण यांचे 50 मिळून 450 रुपये पडतील. बचत 658 रुपये. वर्षांतून तीन वेळां केल्यास 1,974. पाने, नरसाळें, तेलाचा ट्रे व टॉर्क रेंच यांस 3,000 रुपये लागले असें मानलें, तर पांचव्या खेपेस तो खर्च भरून निघतो. आपल्या गांवचे भाव घालून हाच हिशेब प्रत्येकानें करून पाहावा.

येथें दोन गोष्टी विसरूं नयेत. पहिली अशी कीं, नव्या गाडीच्या आरंभींच्या ठराविक सर्व्हिसिंगना विक्रेता मजुरी घेत नाहीं. केवळ मालाचे पैसे घेतो. म्हणजे घरीं काम करून जी मजुरी वांचवावयाची, ती तेथें मुळांतच नसते. शिवाय ठरल्या मुदतींत अधिकृत ठिकाणीं सर्व्हिसिंग झालेलें असावें, ही वॉरंटीची सामान्यतः अट असते. तेव्हां वॉरंटी संपेपर्यंत हातांत पाना न धरणें हेंच शहाणपणाचें. दुसरी गोष्ट म्हणजे आपला वेळ. सरावानंतर तासाभरांत होणाऱ्या कामास प्रथम अर्धा दिवसही लागतो. ज्यास त्या कामांत गोडी आहे, त्याला तो वेळ खर्च वाटत नाहीं. ज्यास नाहीं, त्यानें तोही खर्चाच्या बाजूस मांडावा.

आतां कोणतीं कामें घरीं करावींत ? माझी कसोटी साधी आहे. जें काम बिघडल्यास गाडी दारांतच तक्रार करील, तें घरीं करावें. जें बिघडल्यास ती भर रस्त्यांत दगा देईल, तें जाणत्याच्या हातीं सोंपवावें. तेल बदलणें, चेन पुसून तिला वंगण देणें, एअर फिल्टर पाहाणें, स्पार्क प्लग स्वच्छ करणें, चाकांतील हवा तपासणें, हीं पहिल्या वर्गांतील कामें. तेल गळूं लागलें तर जमिनीवरील डागच सांगतो. ब्रेकची गोष्ट निराळी. ब्रेकच्या नळींत हवा शिरली तर मूठ दाबूनही पकड येत नाहीं, आणि हें कळतें तें नेमक्या नको त्या क्षणीं. चाकें काढणें आणि स्टिअरिंगची दुरुस्ती हींही याच वर्गांतलीं. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 हे नियम लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांत कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलें. त्यांतील दोष शोधण्यास विशिष्ट यंत्र लागतें. तेथें घरच्या पान्यांचा उपयोग नाहीं.

घरच्या कामांतही तीन पथ्यें आहेत. तेल सोडण्याचा बोल्ट ज्या भागांत बसतो तो ॲल्युमिनियमचा असतो. जोर करून आवळल्यास त्याचे आटे जातात आणि वर्षाची बचत एका झटक्यांत संपते. म्हणून पुस्तिकेंत दिलेल्या मापानेंच तो आवळावा. दुसरें पथ्य असें कीं, मोटारीचें उरलेलें तेल मोटारसायकलींत ओतूं नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलांत बुडालेला असतो, आणि मोटारीच्या कित्येक तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळें तो घसरूं लागतो. डब्यावर ‘जासो एम-ए’ किंवा ‘एम-ए 2’ अशी खूण पाहून, पुस्तिकेंत सांगितलेल्या घट्टपणाचेंच तेल घ्यावें. तिसरें, जुनें तेल गटारांत ओतूं नये. 2016 च्या नियमांप्रमाणें वापरलेलें तेल हा घातक कचरा ठरतो. तें डब्यांत भरून, असें तेल गोळा करणाऱ्या गॅरेजांत द्यावें.

विक्रेत्यास आपण जे पैसे देतों ते केवळ हातांच्या श्रमाचे नसतात. झिजलेला ब्रेक किंवा सैल झालेला बोल्ट ज्याला चटकन् दिसतो, अशा सरावलेल्या नजरेचेही ते असतात. ती नजर तेथें खरोखर लाभते कीं नाहीं, हें पाहाणें आपलें काम. गाडी देतांना कामांची यादी लिहून घ्यावी, बदललेले जुने भाग परत मागावेत, आणि न सांगितलेलें पॉलिश वा औषधी द्रव्य बिलांत आल्यास कारण विचारावें.

यासाठीं गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका घरांतील एकानें तरी नीट वाचली पाहिजे. कोणता भाग किती किलोमीटरांनीं बदलावयाचा, हें तींत कोष्टक करून दिलेलें असतें. ज्यानें तें कोष्टक वाचलें, तो स्वतः पाना उचलो वा न उचलो, त्याच्या बिलांत अनावश्यक रकमेस सहसा जागा मिळत नाहीं. पान्यांच्या संचास पैसे पडतात. ही पुस्तिका मात्र बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशीं कोरी पडलेली असते. ती आज रात्रीं काढून पाहावी, इतकीच विनंति.