गोलंदाजीचा फडणीस

मंडणगड तालुक्यातील वेळास हे पेशवाईचा जमाखर्च सांभाळणाऱ्या नाना फडणिसांच्या भानू घराण्याचे मूळ गाव. तलवार गाजविणाऱ्यांची कीर्ती पोवाड्यांतून राहते. परंतु कोणत्या पागेतील घोडी थकली, कोणत्या पथकास विसावा हवा आणि खजिन्यात शिल्लक किती, याची नोंद ठेवणाऱ्यावाचून मोहीम तडीस जात नाही. क्रिकेटच्या संघास सेनापती पुष्कळ असतात. तरुण वेगवान गोलंदाजांच्या बळाचा जमाखर्च लिहिणारा फडणीस मात्र क्वचितच आढळतो.

भातकापणी उरकली, खलाटीतली धसकटे उपटून माती चोपली, की या तालुक्यातील वाडीवाडीवर टेनिसच्या चेंडूचे सामने रंगतात, आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या उपस्थितीत पंधरा-सोळा वर्षांचा एखादा शिडशिडीत पोर सकाळपासून दिवे लागेपर्यंत सामन्यामागून सामना चेंडू टाकीत राहतो. त्याचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पायातून कमरेपर्यंत चढतो, त्याच वेळी पाठीचा कणा वाकतो आणि पिळतोही. मणक्यांची हाडे विशी उलटेपर्यंत पुरती पक्की झालेली नसतात. त्यामुळे त्यांत आधी बारीक चीर पडते, आणि ती दिसत नसल्यामुळे पोर ‘कंबर जरा धरली आहे’ म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा धावत सुटतो. याच भयाने इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मुलांच्या वयोगटानुसार एका दमात किती आणि दिवसभरात किती षटके टाकावीत, याची मर्यादा घालून दिलेली आहे.

असा हिशेब कोणी मांडीत नसे त्या काळी मुंबईचे रमाकांत देसाई खेळले. १९५९ साली दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळताना त्यांचे वय अवघे एकोणीस, देहयष्टी किरकोळ, आणि प्रतिपक्षाने ८ बाद ६४४ धावांचा डोंगर रचलेला. त्या डावात या पोरसवदा गोलंदाजाने ४९ षटके टाकून ४ बळी मिळविले. २८ कसोट्यांत ७४ बळी मिळवून १९६८ साली त्यांची कसोटी कारकीर्द संपली, तेव्हा त्यांना तिशीही गाठावयाची होती. कारकीर्द आटोपण्यास कारणे अनेक असतात. तथापि मुद्दल कोवळे असताना त्यावर केवढा बोजा टाकला गेला, हे त्या ४९ षटकांच्या आकड्यावरून उमगते.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये ही फडणिशी रीतसर चालते. तेथे सामन्याचा आरंभ करणारे पाच फेकणारे, म्हणजे पिचर, पाळीपाळीने उतरतात. एकदा फेकलेल्यास चार-पाच दिवसांची विश्रांती मिळते, आणि शंभराच्या आसपास चेंडू झाले की बहुधा त्यास माघारी बोलावितात. पाचांपैकी एखादा जायबंदी होणारच असे गृहीत धरून खालच्या दर्जाच्या संघांतून तरुणांची दुसरी फळी तयार ठेवतात. मोह उत्पन्न होतो तो संघासंघांतील खेळाडूंच्या अदलाबदलीच्या वेळी. १९८७ च्या ऑगस्टात विजेतेपदाच्या शर्यतीत असलेल्या डेट्रॉइटने छत्तीस वर्षांचा डॉइल अलेक्झांडर घेतला आणि मोबदल्यात वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटास दिला. अलेक्झांडरने उरलेल्या मोसमात नऊ सामने जिंकून दिले, एकही गमावला नाही. सौदा त्या वर्षापुरता चोख ठरला. स्मोल्ट्झ मात्र अटलांटासाठी वीस वर्षे फेकीत राहिला आणि २०१५ साली त्या खेळाच्या सन्मान-मंदिरात त्याची स्थापना झाली. डेट्रॉइटने आजची गरज उद्याचे बियाणे विकून भागविली होती.

आपल्याकडे आयपीएलने अदलाबदलीची ही प्रथा आणली. पालघरहून लोकलने मुंबईस येऊन क्रिकेट शिकलेला शार्दूल ठाकूर २०२५ च्या नोव्हेंबरात २ कोटी रुपयांच्या व्यवहाराने लखनौकडून मुंबई इंडियन्सकडे आला, आणि त्याच सुमारास अर्जुन तेंडुलकर ३० लाखांवर मुंबईहून लखनौस गेला. अनुभवी गोलंदाज आज उपयोगी पडतो, तरुण उद्या. दोहोंची किंमत एकाच तागडीत तोलता येत नाही. शिवाय जवळ असलेले रत्नही जपून वापरावे लागते: पाठीच्या दुखण्यामुळे जसप्रीत बुमराह २०२३ ची संपूर्ण आयपीएल खेळू शकला नाही, आणि २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यातील पाच कसोट्यांपैकी तीनच खेळावयाच्या, असे आधीच ठरवून त्यास नेण्यात आले. त्यावर टीका पुष्कळ झाली. माझ्या मते तो हिशेब शहाणपणाचा होता.

मंडणगडच्या पोरांची कोणी कोटींत अदलाबदल करीत नाही. त्यांच्या कमरेची हाडे मात्र बुमराहच्या हाडांहून निराळी नाहीत. गावात राहणारा मुलगा महाराष्ट्राच्या क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो, चाकरमान्याचा नालासोपाऱ्यातला मुलगा मुंबईच्या. परंतु दोन्ही दारे पुढे उघडावयाची असतील, तर तोवर पाठ शाबूत राहिली पाहिजे. वाडीच्या क्रीडा मंडळांना विनंती इतकीच, की चषक आणि ध्वनिक्षेपक यांच्या खर्चात एका शंभर पानी वहीची भर घालावी, तीत प्रत्येक मुलाची त्या दिवसाची षटके लिहावीत, आणि ज्याच्या नावापुढील आकडा फार वाढला असेल त्यास अंतिम सामना असला तरी सीमारेषेवर क्षेत्ररक्षणास उभे करावे.