लघुरेल्वेचा डिजिटल कारभार : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरातील एखाद्या खोलीत, चार फळ्यांच्या मेजावर, १:८७ या प्रमाणातील आगगाडी उभारू पाहणाऱ्या गृहस्थाला आज पहिला प्रश्न पडतो तो इंजिन कोणते घ्यावे हा नव्हे, तर त्या इंजिनावर अंमल कोणत्या पद्धतीने चालवावा हा. आणि त्याच्या उत्तरादाखल जे कानी पडते त्यात वस्तुस्थितीपेक्षा ऐकीव समजुतींचाच भरणा अधिक असतो. डिजिटल नियंत्रण घेतले की दोन तारांत काम भागते, असे कोणी छातीठोकपणे सांगतो. त्यासाठी संगणकशास्त्राचे अध्ययन हवे, असे सांगून कोणी भिववितो. तर जुनी इंजिने आता मोडीत निघाली, असा निकाल तिसरा कोणी देऊन टाकतो. या समजुती परस्परांपासून भिन्न दिसल्या तरी जुन्या आणि नव्या पद्धतींतील भेद नेमका कोठे आहे हे न तपासण्यातच त्या सर्वांचा उगम आहे.

जुन्या पद्धतीत सत्ता रुळांत असते. कंट्रोलरची मूठ फिरवावी, रुळांतील दाब शून्यापासून बारा व्होल्टपर्यंत चढावा आणि त्या रुळावर जे जे इंजिन उभे असेल ते ते त्या दाबाप्रमाणे धावू लागावे. धन आणि ऋण यांची अदलाबदल केली की सर्वांनीच दिशा बदलावी. दोन इंजिने स्वतंत्रपणे चालवावयाची तर रुळांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला निराळे बटण देण्याखेरीज येथे गत्यंतर नसते. नव्या पद्धतीत रुळांतील दाब सामान्यतः चौदा ते सोळा व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो, इंजिन उभे असतानाही राहतो. मात्र त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटत असते, आणि त्या पालटण्याच्या कालावधीतच संदेश साठविलेला असतो. अर्धा फेरा ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘एक’ आणि सुमारे १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून अधिक काळाचा असेल तर तो ‘शून्य’, असा संकेत ठरलेला आहे. गावात दवंडी पिटली म्हणजे ती सर्वांच्याच कानी पडते, पण ज्याचे नाव पुकारले असेल त्यानेच चावडीवर हजर व्हावयाचे असते. तद्वत केंद्रयंत्राने सोडलेला प्रत्येक हुकूम रुळावरील प्रत्येक इंजिनापर्यंत पोहोचतो आणि ज्याचा पत्ता त्यात नमूद असेल तेवढेच इंजिन त्याची तामील करते. तामिलीचे हे काम इंजिनाच्या पोटातील डिकोडर नावाची चिमुकली पट्टी करते : हुकूम वाचणे, रुळांतील उलटसुलट प्रवाह सरळ करून घेणे आणि मोटारीला लागेल तेवढाच तोडून तोडून पुरविणे. सत्ता रुळांतून निघून इंजिनात गेली, एवढाच या स्थित्यंतराचा गाभा होय.

हे सर्व काल-परवाचे आहे अशीही एक समजूत आढळते. वस्तुतः अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६०च्या दशकातच ‘अ‍ॅस्ट्रॅक’ या नावाने पाच इंजिने स्वतंत्रपणे चालविणारी यंत्रणा विक्रीस आणली होती. त्यानंतर १९८०च्या सुमारास ब्रिटनमधील हॉर्नबीची सोळा इंजिने हाताळणारी ‘झिरो वन’ आली आणि त्याच दशकाच्या मध्यास जर्मनीच्या मेर्क्लिनची डिजिटल पद्धती आली. आज डी.सी.सी. या संक्षेपाने जी पद्धती ओळखली जाते ती जर्मनीतील लेन्झ यांच्या कारखान्यात १९८०च्या दशकाच्या अखेरीस आकारास आली, आणि १९३५ साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात तिला प्रमाणपद्धतीचा दर्जा दिला.

आता त्या सुप्रसिद्ध दोन तारांकडे वळू. केंद्रयंत्रातून रुळांकडे दोनच तारा जातात हे अक्षरशः खरे आहे, आणि म्हणूनच हा समज इतरांपेक्षा अधिक घातक आहे. कारण एका वर्तुळावर एक इंजिन फिरवीपर्यंत त्यात काहीच उणे भासत नाही आणि उणीव उघड होते ती मांडणी वाढल्यावर, अपघाताच्या क्षणी. रुळांना जोडणाऱ्या फिशप्लेटी कालांतराने सैल होतात, गंजतात आणि विद्युत्प्रवाहास अडथळा करू लागतात. समजा, केंद्रयंत्राची मर्यादा पाच अँपिअरची असून दाब पंधरा व्होल्टचा आहे. एखादे चाक सांध्यावरून घसरून दोन्ही रूळ एकमेकांस जोडले गेले, तर प्रवाह पाच अँपिअरच्या वर गेला तरच यंत्र स्वतःला तोडून घेणार. परंतु त्या संपूर्ण मार्गाचा रोध तीन ओहमहून अधिक झालेला असेल तर प्रवाह ती मर्यादा गाठणारच नाही. यंत्र निःशंकपणे वीज पुरवीत राहील आणि पाऊणशे वॉटपर्यंतची उष्णता घसरलेल्या चाकात, तारेत आणि प्लॅस्टिकच्या बोगीत साठत जाईल. जुन्या कंट्रोलरचा जोर मुळातच अल्प असल्यामुळे तेथे असा प्रसंग सहसा ओढवत नसे. नव्या यंत्राच्या अंगी सामर्थ्य आहे, म्हणून बंदोबस्तही तितकाच चोख हवा.

तो बंदोबस्त असा. मेजाखालून दोन जाड तारा, घरातील वायरिंगला वापरतात तशा दीड चौरस मिलिमीटरच्या घेतल्या तरी लहान मांडणीस पुरे, रुळांच्या बरोबरीने शेवटपर्यंत न्याव्यात; आणि गजभर लांबीच्या प्रत्येक रुळाला डाख देऊन बसविलेली आखूड, बारीक तार त्या दोहोंपैकी आपापल्या तारेला जोडावी, म्हणजे फिशप्लेटीवर विसंबण्याचे कारणच उरत नाही. काम पुरे झाले की एक नाणे घेऊन मांडणीच्या प्रत्येक भागात, विशेषतः केंद्रयंत्रापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात, दोन्ही रुळांवर आडवे ठेवावे. यंत्राने तत्क्षणी पुरवठा तोडला तर तारा योग्य आहेत. न तोडला तर नाणे ताबडतोब उचलावे आणि तेथे आणखी एक जोड द्यावा. ही कसोटी उत्तीर्ण होईपर्यंत त्या रुळावर इंजिन चढवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तारांचा खर्च इंजिनाच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असतो, आणि तरीही काटकसर नेमकी तेथेच केली जाते.

दुसरा समज याहून सूक्ष्म आहे. इंजिनाची दिशा आता हुकुमावर अवलंबून असते, तिचा रुळांच्या धन-ऋणाशी संबंध राहिलेला नाही. यावरून रुळांना आता कोणतीही बाजूच उरली नाही असे अनुमान काढले जाते. त्यातील पूर्वार्ध सत्य आहे : इंजिनाचे ‘पुढे’ म्हणजे त्याच्या स्वतःच्या नाकाकडे, मग ते रुळावर कसेही ठेवा. पण रूळ वळसा घेऊन आपल्यालाच येऊन मिळतो तेथे डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो, आणि दोन भिन्न तारांचे असे मीलन जुन्या पद्धतीत जितके निषिद्ध तितकेच नव्यातही आहे. अशा वळशाचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांस तोडून तो भाग विलग करावा लागतो, आणि त्याची लांबी गाडीहून अधिक ठेवावी लागते. नव्या पद्धतीचा लाभ असा की स्वयंचलित पालटयंत्र बसविल्यास चाक त्या फटीवर येताच ते विलग भागाची बाजू निमिषार्धात बदलते आणि गाडी न थबकता निघून जाते. जुन्या पद्धतीत येथे गाडी थांबवून बटणे फिरवावी लागत.

जुन्या इंजिनांविषयीचे मत सरसकट बनविता येत नाही. अलीकडच्या बहुतेक इंजिनांत डिकोडरसाठी आठ, अठरा किंवा एकवीस पिनांचे सॉकेट तयारच असते आणि पट्टी त्यात बसविणे हे काही मिनिटांचे काम आहे. सॉकेट नसलेल्या इंजिनात मात्र एक गोष्ट आधी पारखून घेतली पाहिजे. कित्येक जुन्या इंजिनांत मोटारीचा एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो, म्हणजे पर्यायाने रुळालाच जोडलेला असतो. तो पूर्णतः अलग केल्याशिवाय डिकोडर बसविला तर वीज सुरू करताच तो जळतो. अलग केल्यानंतरची जोडणी रंगांच्या संकेताने ठरलेली आहे : तांबडी आणि काळी तार रुळांकडची, नारिंगी आणि करडी मोटारीची, पांढरी पुढील दिव्याची, पिवळी मागील दिव्याची आणि निळी दिव्यांची सामाईक. त्यापूर्वी बारा व्होल्ट देऊन चाके क्षणभर हाताने रोखावीत, मोटार किती प्रवाह ओढते ते मोजावे आणि त्याहून अधिक क्षमतेचाच डिकोडर निवडावा.

संगणकाचे भय तर निराधारच आहे. नवा डिकोडर तीन या पत्त्यावर येतो. हातातील कंट्रोलरवर तीन हा आकडा निवडला की गाडी चालते. पुढे दुसरे इंजिन आले म्हणजे त्याचा पत्ता बदलावयाचा, तो सी.व्ही. म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदींपैकी पहिल्या नोंदीत. वेग हळूहळू वाढावा, हळूहळू उतरावा असे वाटले तर तिसऱ्या आणि चौथ्या नोंदीत आकडा लिहावयाचा. संगणकाची मदत घेणाऱ्यांसाठी ‘जे.एम.आर.आय.’ हा मुक्त आज्ञासंच विनामूल्य उपलब्ध आहे. डिकोडरांच्या त्याच्याच नोंदींवरून उद्भवलेल्या दाव्यात अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने २००८ साली मुक्त परवान्याच्या अटी कायद्याने बंधनकारक ठरू शकतात असा निवाडा दिला. घरगुती छंदातील परोपकारी श्रमाला मिळालेली ही मान्यता मला फार मोलाची वाटते.

निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकत्र चालतात काय, याचे उत्तर रुळापाशी दुभंगते. रुळांतील संदेश प्रमाणित असल्यामुळे एका कंपनीच्या केंद्रयंत्राखाली दुसऱ्या कंपनीचा डिकोडर चालतो; परंतु हातातील कंट्रोलर आणि केंद्रयंत्र यांमधील भाषा ज्याची त्याची स्वतंत्र आहे. डिजिट्रॅक्सची लोकोनेट आणि लेन्झची एक्सप्रेसनेट ही त्याची उदाहरणे. तेव्हा ती दोन यंत्रे एकाच कुळातील घ्यावीत.

रुळांच्या स्वच्छतेपासून मात्र कोणतीही पद्धती सुटका करीत नाही. चाक आणि रूळ यांमध्ये मळाचा थर आला की वीज तुटते, हुकूमही पोहोचत नाही, आणि ध्वनियुक्त इंजिन असेल तर त्याचा आवाज मध्येच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. डिकोडरला जोडलेला कपॅसिटर क्षणभराची वीज राखून ठेवतो, पण तो फडक्याची जागा घेत नाही. आणि कोकणच्या दमट हवेत हे फडके अधिकच वेळा हाती घ्यावे लागते.

राहिला खर्च. सर्व इंजिने एकाच वेळी बदलावी लागतात या भीतीने अनेक जण पाऊलच उचलीत नाहीत. परंतु दोन ध्रुवांचे, दुहेरी फेकीचे एक बटण बसवून तीच मांडणी कधी जुन्या कंट्रोलरच्या तर कधी नव्या केंद्रयंत्राच्या हवाली करता येते. दोन्ही यंत्रांचा प्रवाह एकाच वेळी रुळांत कदापि येऊ नये, हीच काय ती अट. रुळांत डिजिटल प्रवाह असताना डिकोडर नसलेली इंजिने रुळावरून उतरवून ठेवावीत, कारण उलटसुलट प्रवाहाने उभ्या मोटारीत गुणगुण आणि उष्णता निर्माण होते व लोहगाभा नसलेल्या नाजूक मोटारी तर त्याने जळून जातात. पुष्कळसे डिकोडर जुन्या कंट्रोलरवरही चालतात, त्यासाठी एकोणतिसाव्या नोंदीतील तत्संबंधी मुभा चालू असावी लागते. मात्र प्रवाह तुकड्यातुकड्यांनी सोडणारा कंट्रोलर त्यांच्यासाठी वापरू नये. या तजविजीने एकच डिकोडर घेऊन आरंभ करावा आणि बाकीची इंजिने सवडीने, एकामागून एक बदलावीत.