व्हीबी ६ बंद होऊन जमाना झाला. मग लायसन्स आता कुठून आणायचं?

समजा, तुमच्या होलसेल दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर वीस वर्षांपूर्वी कुणीतरी व्हिज्युअल बेसिक ६ म्हणजेच व्हीबी ६ मध्ये करून दिलंय. २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा त्यानेच नवे दर थेट कोडमध्ये लिहून दिले. २२ सप्टेंबर २०२५ ला दर पुन्हा बदलले. आता कोड बदलायचा तर व्हीबी ६ हवं आणि दुकानात ते विकत मिळत नाही.

लायसन्स संपलं का?

नाही. इथेच गोंधळ होतो. १९९८ मध्ये आलेल्या व्हीबी ६ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २००८ ला थांबवला. थांबला तो सपोर्ट. ज्यांनी तेव्हा सीडी विकत घेतली, त्यांच्या लायसन्सला मुदतच नव्हती. त्यामुळे 'रिन्यू करून देतो' म्हणत कुणी पैसे मागत असेल, तर सरळ नाही म्हणा.

दुसरं म्हणजे, तयार प्रोग्रॅम नुसता चालवायला दुकानदाराला व्हीबी ६ चं लायसन्स लागतच नाही. त्यासाठीची रनटाइम फाइल विंडोजमध्येच येते. लायसन्स लागतं ते कोड बदलणाऱ्याला.

मग त्याने ते आणायचं कुठून?

जुनी सीडी आणि की सापडली तर उत्तमच. नाहीतर व्हिज्युअल स्टुडिओच्या सशुल्क सदस्यत्वात जुन्या आवृत्त्याही डाउनलोड करता येतात. पण सदस्यत्वाच्या प्रकारानुसार यादी बदलते, म्हणून पैसे भरण्याआधी त्यात व्हीबी ६ आहे ना, हे लेखी विचारून घ्या. प्रत्येक कंपनीची रीत निराळी. जेटब्रेन्सने डिसेंबर २०२२ मध्ये ॲपकोडची विक्री थांबवली. जुन्या ग्राहकांना ते वापरता येतं, नवीन ग्राहकाला मात्र दार बंद.

इंटरनेटवर फुकट मिळणारी कॉपी? आम्ही इंजिनीअरिंगला असताना निळ्या पडद्याचा टर्बो सी++ पेन ड्राइव्हवरून वर्गभर फिरायचा, लायसन्स कुणी विचारलं नाही. धंद्यात ते चालत नाही. विक्री थांबली म्हणून कॉपीराइट संपत नाही. आपल्या कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि साहित्यकृतीचं संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतं. माहीत असूनही बेकायदा कॉपी वापरली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. कमाईसाठी वापर नसेल, तर कोर्ट कैद टाळू शकतं. पण दुकानाचं बिलिंग म्हणजे कमाईच.

आधी हे तपासा

लायसन्सपेक्षा मोठी अडचण बहुतेकदा सोर्स कोडची असते. तुमच्याकडे फक्त ईएक्सई फाइल असेल, तर लायसन्स आणूनही उपयोग नाही. त्यातून मूळ कोड जसाच्या तसा परत मिळत नाही. व्हीबीपी, एफआरएम आणि बीएएस नावाने संपणाऱ्या फाइल्स हव्यात. ज्याने प्रोग्रॅम केला, त्याला आधी फोन लावा आणि त्या जुन्या हार्ड डिस्कवर अजून आहेत का ते विचारा. नसतील, तर नवं सॉफ्टवेअर घेणंच स्वस्त पडेल.