जुन्या तबकड्यांची शुद्ध प्रत

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा एक माजी विद्यार्थी भेटीस आला होता. बेळगावात अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा हा तरुण ‘हेवी मेटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य संगीताचा भोक्ता आहे. विजेच्या गिटारींचा तो घनघोर नाद आमच्या कानांस मानवत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु त्याने जो प्रश्न विचारला तो मात्र आम्हांस अगदी घरचा वाटला. त्याच्या आवडीच्या जुन्या ध्वनिमुद्रिका कंपन्या पुनःपुन्हा ‘रीमास्टर’ करून, म्हणजे नव्याने संस्कारून, बाजारात आणतात. त्याने मूळ कृतीचे भले होते की बुरे?

प्रश्न ऐकताच आमच्या डोळ्यांपुढे निपाणीतील एका तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या वाड्यातील लाकडी पेटी उभी राहिली. तीत बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, वझेबुवा आदींच्या जुन्या तबकड्या आहेत. त्यांतील काही गाण्यांच्या स्वच्छ केलेल्या आवृत्त्या आता मोबाईलवर ऐकावयास मिळतात. साहजिकच वाड्यातील नव्या पिढीस वाटू लागले आहे की, पेटीचे काम संपले. ती मोडीत काढावी. तेव्हा हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. मूळ ठेवावे की टाकावे, याचा निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्रथम या संस्काराचे स्वरूप पाहू. गाणे मुद्रित झाल्यानंतर आणि त्याच्या प्रती निघण्यापूर्वी त्याच्या आवाजाची उंची, खर्ज व टीप यांचे प्रमाण ठरवून जी अखेरची प्रत सिद्ध करतात, तिला मास्टर म्हणतात. जुन्या मुद्रणावरून अशी प्रत पुन्हा सिद्ध करणे म्हणजे रीमास्टर. यात प्रत्येक वाद्याचा आवाज निराळा काढून त्याची नव्याने मांडणी करावयाची नसते. ते काम वेगळे आहे. ग्रंथाच्या भाषेत बोलावयाचे तर, रीमास्टर म्हणजे नवी आवृत्ती. नवा ग्रंथ नव्हे.

आता आपल्याकडील तबकड्यांकडे वळू. फ्रेड गैसबर्ग याने १९०२ मध्ये कलकत्त्यास येऊन गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेथून हिंदुस्थानातील ध्वनिमुद्रणाचा इतिहास सुरू होतो. त्या काळी गवयाने मोठ्या भोंग्याच्या तोंडाशी उभे राहून गावे आणि त्या आवाजाच्या जोराने सुईने मेणाच्या थराळीवर खाच कोरावी, अशी रीत होती. १९२५ नंतर विजेचा मायक्रोफोन आला आणि हलके स्वर पकडण्याची सोय झाली. बालगंधर्वांच्या तबकड्या या दोन्ही काळांत पसरलेल्या आहेत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. तबकडी लाखेच्या मिश्रणाची. वाजविणारी सुई पोलादी. प्रत्येक वादनागणिक खाच थोडी झिजावयाची. चुंबकीय फितीवर जपलेले मूळ मुद्रण असे या गाण्यांना नाहीच. धातूचे साचे जेथे हाती लागत नाहीत तेथे रसिकांच्या घरी उरलेली तबकडी हीच मूळ पोथी ठरते.

अशा पोथीवर संस्कार केल्याने लाभ होतो काय? निःसंशय होतो. पहिला लाभ गतीचा. तबकडी मिनिटास ७८ फेरे घेते असे आपण मानतो. पण आरंभीच्या काळात ही गती सर्वत्र सारखी नव्हती. मुद्रणसमयी ७४ फेऱ्यांनी फिरलेली तबकडी आपण ७८ फेऱ्यांनी वाजविली, तर गाणे पाच टक्क्यांहून थोडे अधिक जलद होते आणि सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. त्याचा आवाज बारीक होतो आणि तान उगाच चपळ भासते. गती सुधारणे म्हणजे गाण्यात ढवळाढवळ नव्हे. गवयास त्याची पट्टी परत देणे होय.

दुसरा लाभ सुईचा. एलपीची सुई बारीक असते. ती जुन्या तबकडीच्या रुंद खाचेत तळाशी घासते आणि खरखर वाढते. योग्य जाडीची सुई लावताच, दुसरा कोणताही उपाय न करता, आवाज उजळतो. तिसरा लाभ सुट्या ओरखड्यांचा. ‘टक्’ असा जो क्षणिक आघात येतो, तो गाण्यास धक्का न लावता पुसता येतो. हे तिन्ही दोष काळाने आणि यंत्राने घातलेले आहेत. ते काढण्यास कोणाचीही हरकत नसावी.

हानी येथून पुढे सुरू होते. तबकडीची सततची खरखर ही मुख्यतः वरच्या कंपनांत असते, आणि ‘स’, ‘श’, ‘च’ या वर्णांचा ऊष्म भाग, तंबोऱ्याची जवारी, गायकाने घेतलेला श्वास हेही तेथेच वसतात. खरखर पुरती नाहीशी करण्याच्या हव्यासाने हात चालविला की त्यांचाही बळी जातो. गाणे गुळगुळीत होते, पण शब्द बोबडा होतो. मराठीच्या अभ्यासकास तर ही हानी दुहेरी आहे. कारण शंभर वर्षांपूर्वी नाट्यपदांतील मराठी कशी उच्चारली जात होती, याचा कानांनी घेता येणारा पुरावा या तबकड्यांतच आहे. त्या काळचे काही कलावंत गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत. ती घोषणा गाण्याचा भाग नव्हे म्हणून कापून टाकणे, हे पोथीची पुष्पिका फाडण्यासारखे आहे.

आणखी एक दोष आमच्या विद्यार्थ्याने दाखवून दिला. ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाच्या १९७० च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा आरंभ पाऊस आणि दूरच्या घंटानादाने होतो. मग एकाएकी गिटार कोसळते. सारे काही मोठ्याने ऐकू यावे म्हणून हलका आवाज चढवून मोठ्याच्या बरोबरीस आणला, तर त्या कोसळण्यात काय अर्थ उरला? गेल्या तीसचाळीस वर्षांत बाजारात अशी मोठ्या आवाजाची चढाओढ चालली आहे. आम्हांस हे तत्काळ पटले. कारण ठाय लयीतील आलापाचा हळुवारपणा आणि तानेचा जोर एकाच मापाने ऐकविणे, हा ख्यालावरही तेवढाच अन्याय आहे.

त्याने सांगितलेली दुसरी हकीकत याहून बोधप्रद आहे. ऑझी ऑस्बर्न या गायकाच्या १९८० व १९८१ मधील दोन गाजलेल्या ध्वनिमुद्रिका २००२ मध्ये नव्या आवृत्तीत निघाल्या, तेव्हा त्यांतील मूळ वादकांचे बास गिटार व ड्रम काढून त्या जागी दुसऱ्या वादकांचे नवे वादन भरण्यात आले. रसिकांनी नापसंती व्यक्त केली, आणि २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आले. मात्र याच संगीतात उलट उदाहरणेही आहेत. सीडीच्या आरंभीच्या काळात, एलपी कापण्यासाठी तयार केलेल्या फितींवरूनच कित्येक सीडी काढल्या गेल्या. एलपीच्या खाचेत खर्ज फार मावत नाही, म्हणून त्या फितींत तो आखडता घेतलेला असे. पुढे पहिल्या पिढीच्या फिती शोधून केलेल्या आवृत्त्यांत हा दडलेला खर्ज प्रकट झाला. म्हणजे दोष संस्कारात नाही; संस्कर्त्याच्या हेतूत व विवेकात आहे.

आमच्या प्रांतातील एका उदाहरणाने हा विवेक अधिक स्पष्ट होईल. बेळगावनजीक सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी एका कन्नड घरात शिवपुत्र कोमकळी हा बालक जन्मला. नामवंत गवयांच्या तबकड्या ऐकून तो त्यांचे गाणे हुबेहूब उठवीत असे. पुढे मुंबईस बी. आर. देवधर यांच्याकडे शिकून त्याने स्वतःची स्वतंत्र वाट काढली आणि कुमार गंधर्व म्हणून तो अवघ्या देशास ललामभूत झाला. त्या मुलास खरखरीने अडविले नाही. तिच्यामागून त्याने सुरांची ठेवण आणि आवाजाची फेक उचलली. त्या तबकडीतील बारकावे घासून नाहीसे झाले असते, तर त्याने काय उचलले असते? जिज्ञासू कान खरखर ओलांडून जातो. जे पुसले गेले ते मात्र त्यालाही ऐकू येत नाही.

मराठी वाचकास या बाबतीत परक्या आदर्शाकडे पाहण्याचे कारण नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हस्तलिखितांत शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले. परंतु त्यात स्वतःची ओवी घातली नाही, आणि इतरांनीही घालू नये असे निक्षून बजावले. नाथ स्वतः थोर कवी होते. त्यांस ओवी सुचली नसती असे कोण म्हणेल? संपादकाचा अधिकार त्यांच्या या संयमात आहे. तबकडीच्या संस्कर्त्यासही हाच नियम लागू करावा. काळाने जे घातले ते काढावे, कलावंताने जे घातले त्यास हात लावू नये, आणि काय केले ते आवृत्तीवर स्पष्ट नोंदवावे. याहूनही महत्त्वाचे म्हणजे मूळ प्रत नष्ट करू नये. कारण उद्याची साधने आजच्याहून चांगली असतील आणि उद्याच्या संपादकास पुन्हा मूळापाशीच यावे लागेल.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आम्हा सीमाभागातील मराठी माणसांनी निवेदने, ठराव आणि कागदपत्रे मोठ्या निष्ठेने जपली. आपल्या घरांतील आवाज मात्र तितक्या काळजीने जपले नाहीत, हे कबूल केले पाहिजे. लाख ठिसूळ असते. एक धक्का बसला की तिचे दोन तुकडे होतात, आणि मग कोणतेही संस्करण कामास येत नाही.

निपाणीच्या त्या वाड्यात आम्ही पुन्हा गेलो, या वेळी विद्यार्थ्यासह. तबकड्या आता उन्हापासून दूर, आडव्या न रचता उभ्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीची एक प्रत जशी ऐकू येते तशी, खरखरीसकट, उतरवून घ्यावयाची आणि स्वच्छ आवृत्ती तिच्यावरून निराळी करावयाची, असे ठरले आहे. पेटी मोडीत काढण्याचा विचार वाड्यातील मंडळींनी सोडला आहे. ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी असेल, त्यांनी ती एकदा उघडून पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.