माता व अर्भक आरोग्य : दारिद्र्य आणि सामाजिक धोरण

गर्भधारणा, प्रसूती, सूतिकावस्था आणि बालकाच्या आयुष्याचे पहिले वर्ष या काळातील माता व अर्भक यांच्या स्वास्थ्यास ‘माता व अर्भक आरोग्य’ असे म्हणतात. हे स्वास्थ्य केवळ वैद्यकाच्या प्रगतीवर अवलंबून नसते. कुटुंबाचे उत्पन्न, आहार, निवारा, पाणी, स्त्रीला करावे लागणारे श्रम, विवाहसमयीचे तिचे वय आणि शासनाने अंगीकारलेले धोरण यांचा त्यावर निर्णायक परिणाम होतो. त्यामुळेच अर्भक मृत्युमान हा कोणत्याही समाजाच्या एकूण स्थितीचा विश्वसनीय निदर्शक मानला जातो.

मोजमाप : दर हजार जिवंत जन्मांमागे एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी मृत्यू पावणाऱ्या बालकांच्या संख्येस अर्भक मृत्युमान म्हणतात. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू नवजात मृत्युमानात मोजतात. गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा गर्भावस्था संपल्यानंतर ४२ दिवसांच्या आत गर्भावस्थेशी निगडित कारणांनी होणारे स्त्रियांचे मृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे मोजले जातात. त्यास माता मृत्यू प्रमाण म्हणतात. नमुना नोंदणी पद्धतीनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण २००४–०६ मध्ये १३० होते, ते २०१८–२० मध्ये ३३ पर्यंत उतरले. याच काळात भारताचे प्रमाण २५४ वरून ९७ वर आले. २०२० मध्ये राज्याचे अर्भक मृत्युमान १६, तर देशाचे २८ होते. त्याच वर्षी केरळात ते ६ होते. राज्याच्या सरासरीत शहरी सुस्थित कुटुंब आणि मेळघाटातील कोरकू कुटुंब एकाच आकड्यात मिसळतात, हे अशा आकडेवारीचा अर्थ लावताना ध्यानात घ्यावे लागते.

दारिद्र्याच्या परिणामाचे स्वरूप : दारिद्र्याचा परिणाम प्रसूतीच्या बऱ्याच आधी सुरू होतो. बालपणी अपुरे अन्न मिळालेली मुलगी खुजी राहते. तिचा विवाह लवकर होतो आणि शरीराची वाढ पूर्ण होण्यापूर्वीच ती गरोदर राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील २०–२४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१·९ टक्के स्त्रियांचे विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेले होते आणि गर्भिणींपैकी ४५·७ टक्के स्त्रियांना पांडुरोग (रक्तक्षय) होता. पांडुरोगी स्त्रीला प्रसूतीच्या वेळी होणारा रक्तस्राव सहन होत नाही. सुदृढ स्त्री ज्या रक्तस्रावातून सावरते, तोच तिला प्राणघातक ठरू शकतो. अशा मातेच्या पोटी कमी वजनाचे मूल जन्मण्याचा संभव अधिक असतो. त्यास जंतुसंसर्ग लवकर होतो, शरीराची ऊब टिकत नाही आणि अंगावरचे दूध ओढण्याची शक्ती कमी असते.

पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ ते १९९६ या काळात गर्भिणींच्या आहाराचा व श्रमांचा पद्धतशीर अभ्यास झाला. ज्या स्त्रियांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा असे, त्यांच्या मुलांचे जन्माच्या वेळचे आकारमान अधिक असल्याचे त्यात आढळले. शेतातील कष्टाची कामे व पाणी भरणे यांचा भार ज्यांच्यावर अधिक होता, त्यांची मुले तुलनेने लहान होती. अन्नाइतकीच विश्रांती ही गर्भिणीची गरज आहे, हे यावरून स्पष्ट होते.

विश्रांतीचे महत्त्व परंपरेलाही ठाऊक होते. पहिलटकरणीला बाळंतपणासाठी माहेरी आणणे, सव्वा महिना तिला कष्टाच्या कामापासून दूर ठेवणे, डिंकाचे व अळिवाचे लाडू देणे, शेक-शेगडी करणे या महाराष्ट्रातील रूढींचा गाभा विश्रांती व पोषण हाच आहे. तथापि ही रूढी ज्या घरी धान्य व राबणारी दुसरी माणसे आहेत, त्याच घरी पाळली जाऊ शकते. रोजंदारीवर जगणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत विश्रांतीचा प्रत्येक दिवस हा बुडालेल्या मजुरीचा दिवस असतो. ऊसतोडणीला जाणाऱ्या जोडप्यांत कामाचा दिवस चुकल्यास ‘खाडा’ म्हणून दंड कापला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असल्याने गरोदर स्त्रीही फडातच राहते.

उपचारांस होणारा विलंबही दारिद्र्यातून उद्भवतो. धोका ओळखून निर्णय घेण्यास, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास आणि तेथे पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यास होणारा विलंब असे याचे तीन टप्पे सांगितले जातात. पैसा, वाहन व ओळख यांचा अभाव असलेल्या कुटुंबास तिन्ही टप्पे भोगावे लागतात.

ऐतिहासिक आढावा : औद्योगिक दारिद्र्य आणि अर्भकमृत्यू यांचा संबंध भारतात प्रथम ठळकपणे दिसून आला तो मुंबईच्या गिरणगावात. १९२१ मध्ये मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यू झाले. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हे मान ८२८, तर चार वा अधिक खोल्यांच्या घरांत १३३ होते. यांतील पहिला आकडा काहीसा फुगलेला आहे. अनेक कामकरी स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात वा देशावर गावी जात. त्यामुळे जन्म तिकडे होई आणि परतल्यावर झालेला मृत्यू मात्र मुंबईत नोंदला जाई. ही त्रुटी लक्षात घेऊनही घरांच्या प्रकारांतील अंतर इतके मोठे उरते, की त्याचा अन्य अर्थ लावता येत नाही.

याच सुमारास मुंबई सरकारने गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिविषयक स्थितीची चौकशी करण्याचे काम डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांच्याकडे सोपविले. आई पाळीवर असताना मूल निजून राहावे म्हणून त्यास अफूयुक्त बाळगोळी देण्याची प्रथा चाळींत सर्रास रूढ असल्याचे त्यांना आढळले. ही प्रथा केवळ अज्ञानातून आली नव्हती. पाळणाघर नाही आणि रजाही नाही, अशा स्थितीत शोधलेला तो एक घातक उपाय होता.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९१९ मध्ये प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर प्रत्येकी सहा आठवड्यांच्या रजेचा संकेत संमत केला. भारतातील पहिला प्रसूती लाभ अधिनियम मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये झाला. या विधेयकावरील चर्चेत २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात त्यास पाठिंबा दिला. मातेला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने या खर्चाचा बराचसा भार सरकारने उचलावयास हवा, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रत्यक्षात भार एकट्या मालकावर टाकण्यात आला. पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. सुसूत्रीकरण व रात्रपाळीवरील बंदी यांबरोबरच हा खर्चही त्यास कारणीभूत झाला.

शासकीय धोरण : स्वातंत्र्योत्तर काळातील तरतुदींचे तीन गट पडतात. पहिला गट नोकरीशी निगडित हक्कांचा होय. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा अधिनियम व १९६१ चा प्रसूती लाभ अधिनियम हे त्यात मोडतात. दुसऱ्या कायद्याने दिलेली १२ आठवड्यांची सवेतन रजा २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांपर्यंत वाढविण्यात आली. त्यातील तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या. निश्चित मालक नसलेल्या बहुसंख्य श्रमिक स्त्रियांना या रजेचा प्रत्यक्ष लाभ होत नाही.

दुसरा गट आहार व बालसंगोपनाचा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड येथे केलेले बालशिक्षणाचे प्रयोग तिचे पूर्वरूप होत. महाराष्ट्राने आदिवासी क्षेत्रांत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गर्भिणी व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देण्यास प्रारंभ केला.

तिसरा गट रोख साहाय्य व निःशुल्क उपचारांचा. त्यात जननी सुरक्षा योजना (२००५), जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११) व प्रधानमंत्री मातृवंदना योजना (२०१७) यांचा अंतर्भाव होतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने शासकीय सेवेतील स्त्रिया व अन्य कायद्यांनुसार असेच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया वगळता प्रत्येक गर्भिणीस किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला होता. मातृवंदना योजनेत मात्र प्रारंभी केवळ पहिल्या जिवंत अपत्यासाठी ५,००० रुपये ठेवण्यात आले. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये देण्याची त्यात भर पडली. अधिक अपत्ये असलेली स्त्री बहुधा अधिक गरीब व अधिक दुर्बल असते. अपत्यसंख्येच्या अटीमुळे नेमकी तीच लाभाबाहेर राहते.

ग्रामीण व आदिवासी भागांतील प्रयोग : तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा व अमरावती जिल्ह्यातील मेळघाट येथील बालमृत्यूंनी १९९० नंतरच्या दशकात राज्याचे लक्ष वेधले. त्यातून १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आखण्यात आली. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातीलच प्रशिक्षित स्त्रीकरवी घरोघरी नवजात अर्भकांची काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत अवलंबिली. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युमान तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा सु. ६२ टक्क्यांनी कमी आढळले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांच्या आधारे २०११ मध्ये केंद्र शासनाने ही पद्धत आशा सेविकांच्या कामात समाविष्ट केली.

मीरा-भाईंदर : आदिवासी भागात अंतर हा मुख्य अडसर असतो; महानगरालगतच्या शहरात रुग्णालय जवळ असूनही ते गरिबाच्या आवाक्यात असतेच असे नाही. मीरा-भाईंदर हे याचे बोलके उदाहरण होय. ठाणे जिल्ह्यात, मुंबईच्या उत्तर सीमेस लागून व वसईच्या खाडीच्या दक्षिणेस वसलेला हा भाग पूर्वी भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणाऱ्या गावांचा होता. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद व २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. लोकसंख्या २००१ मध्ये ५,२०,३८८ होती, ती २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. घरे व माणसे आधी आली आणि सार्वजनिक आरोग्यसेवा मागाहून, असा येथील वाढीचा क्रम राहिला. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या (२०१३) निकषानुसार सु. ५०,००० लोकांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित असते. २०११ च्या लोकसंख्येस अशी सोळा केंद्रे लागतात. भाईंदर पश्चिमेस टेंभा येथे उभारलेले भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय हे येथील प्रमुख सार्वजनिक रुग्णालय असून गुंतागुंतीच्या प्रसूतीसाठी मुंबईतील रुग्णालयांवर अवलंबून राहण्याची या शहराची जुनी रीत आहे.

येथील श्रमिक स्त्रिया घरकाम, बांधकाम, स्टीलच्या भांड्यांच्या व तत्सम लहान कारखान्यांतील कामे, घरी बसून उक्ते काम आणि उत्तन परिसरात मासळीविक्री करतात. यांतील बहुतेक कामांना वर सांगितलेल्या पहिल्या गटाचे संरक्षण नाही. बांधकाम मजूर स्त्रीस कल्याणकारी मंडळाकडून प्रसूतिसाहाय्य मिळू शकते. त्यासाठी मात्र वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते आणि नाक्यावर रोज नवा ठेकेदार गाठणाऱ्या स्त्रीस ते मिळविणे कठीण जाते. भाड्याची खोली वारंवार बदलावी लागल्याने पत्ता, शिधापत्रिका व आरोग्य सेविकेकडील नोंद यांचा मेळ राहत नाही. गरोदरपणाची नोंद येथे, बाळंतपण माहेरी किंवा परप्रांतातील गावी आणि लसीकरण पुन्हा येथे, असा प्रवास झाल्यास रोख साहाय्याचे हप्ते व अर्भकाची भेट-तपासणी दोन्ही खंडित होतात. शंभर वर्षांपूर्वी गिरणगावाच्या आकडेवारीत जी फट दिसली, तीच येथे सेवेतील फट बनते.

मूल्यमापन : महाराष्ट्रात संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५–०६ मधील ६४·६ टक्क्यांवरून २०१९–२१ मध्ये ९४·७ टक्क्यांवर गेले. मृत्यू घटण्यास त्याचे मोठे साहाय्य झाले. परंतु पाच वर्षांखालील खुज्या बालकांचे प्रमाण २०१५–१६ मध्ये ३४·४ टक्के आणि २०१९–२१ मध्ये ३५·२ टक्के, म्हणजे जवळजवळ स्थिर राहिले. प्रसूतीचा दिवस सुरक्षित करण्यात धोरणास यश आले. त्यापूर्वीची नऊ महिन्यांची उपासमार व नंतरची विश्रांतीविना गेलेली पहिली वर्षे यांवर त्याचा प्रभाव मर्यादित राहिला. मालक, अपत्यसंख्या किंवा वास्तव्याचा पुरावा यांच्याशी बांधलेला लाभ सर्वांत गरजू स्त्रीपर्यंत शेवटी पोहोचतो, किंवा पोहोचतच नाही. याउलट अंगणवाडी, आशा सेविका व निःशुल्क प्रसूती यांसारख्या, स्त्री जेथे असेल तेथे उपलब्ध होणाऱ्या सेवांनी अधिक परिणाम साधलेला दिसतो. मातेच्या विश्रांतीचा भार समाजाने उचलावा, हे १९२८ मध्ये मांडले गेलेले तत्त्व असंघटित श्रमिक स्त्रियांच्या बाबतीत अद्याप पूर्णत्वास गेलेले नाही.