कावीळ लपवणारा ‘ऑटो’

राहू बेटातल्या वाडीवस्तीवर माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुलीला, सगळं सुरळीत झालं तर, दोन-तीन दिवसांत दवाखान्यातून घरी सोडतात. नवजात बाळाची कावीळ वाढते ती नेमकी त्याच सुमारास. पूर्ण दिवसांच्या बाळात ती बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते. आजीच्या नजरेला बाळ पिवळट वाटतं. कुणीतरी फोन काढतं, फोटो घेतं आणि पुण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवतं. फोटोत बाळ छान गुलाबी दिसतं. आजीचं ऐकायचं की फोनचं?

अशा वेळी आजीचं ऐकावं. फोनमधला कॅमेरा दिसतं ते जसंच्या तसं टिपत नाही. बटण दाबल्यापासून फोटो पडद्यावर येईपर्यंतच्या क्षणभरात तो रंग बदलतो, उजेड वाढवतो, डाग पुसतो आणि कातडी गुळगुळीत करतो. हे सगळं आपोआप होतं. त्यावर आपण ‘ऑटो’ दाबतो किंवा एखादा तयार फिल्टर, म्हणजेच प्रीसेट लावतो, ती दुसरी रंगसफेदी. लग्नाच्या अल्बममध्ये याने कुणाचं काही बिघडत नाही. पण फोटो पाहून बाळाला दवाखान्यात न्यायचं की नाही हे ठरणार असेल, तर हा ‘ऑटो’ नेमकं काय करतो हे माहीत असायला हवं.

पहिलं काम रंगाचं. पिवळ्या बल्बखाली पांढरा सदरा कॅमेऱ्याला पिवळा दिसतो आणि ढगाळ दिवशी निळसर. आपला मेंदू ही चूक न सांगता दुरुस्त करतो. कॅमेऱ्याला तसं करायचं तर अंदाज बांधावा लागतो. त्यातला सर्वांत जुना आणि सोपा अंदाज असा, की समोरच्या दृश्यातल्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती राखाडी यावी. ती पिवळी आली, तर उजेडच पिवळा आहे असं समजून कॅमेरा सगळीकडे निळा रंग मिसळतो. आता पिवळ्या दुपट्यात गुंडाळलेल्या पिवळसर बाळाचा अगदी जवळून फोटो काढा. चौकटीत पिवळ्याशिवाय काही नाही. फोन तो रंग उजेडाच्या खात्यावर टाकतो आणि आजाराची खूण काढून घेतो.

आजचे फोन याहून हुशार आहेत. ते चेहरा ओळखतात, आकाश ओळखतात. पण अंदाज तो अंदाजच. ९ सप्टेंबर २०२० रोजी वणव्यांच्या धुरामुळे सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश भरदिवसा नारिंगी झालं होतं. लोकांनी फोन वर केले, तर फोटोत साधं करडं आकाश. एवढं नारिंगी आकाश असू शकतं हे फोनला पटलंच नाही. रंगाची आपोआप होणारी दुरुस्ती हाताने बंद केली, तेव्हा कुठे खरा रंग आला.

उलटही होतं. पिवळ्या बल्बच्या उजेडात फोनचा अंदाज चुकला, तर ठणठणीत बाळ काविळीचं दिसतं आणि घरचे रात्री गाडी काढून धावत सुटतात. उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना हा घोळ नवा वाटायचा नाही. लोह कमी पडून उसावर केवडा पडला की पानाचा फोटो काढून सल्ला विचारला जातो. पान तेच, पण एका फोनमध्ये पिवळं आणि दुसऱ्यात हिरवट.

मग हा ‘ऑटो’ चांगला फोटो कशाला म्हणतो? हे त्याला माणसांनीच शिकवलं आहे. एमआयटी आणि ॲडोबीच्या संशोधकांनी २०११ मध्ये ५,००० फोटोंचा एक संच प्रसिद्ध केला. त्यातला प्रत्येक फोटो पाच जाणकारांनी आपापल्या नजरेने सुधारला होता. आपोआप फोटो सुधारणाऱ्या अनेक प्रणालींवरचं संशोधन याच संचावर झालं. जाणकारांना सांगितलं होतं, फोटो नजरेला भावेल असा करा. खरा रंग राखा, असं कुणी सांगितलं नव्हतं. यंत्र जे शिकलं ती आवड होती. ॲडोबीच्या लाइटरूममधलं ‘ऑटो’ही डिसेंबर २०१७ पासून असंच, हजारो सुधारलेले फोटो पाहून शिकलेलं आहे.

आणि आवड कुणाची, हा प्रश्न फिल्मच्या काळापासूनचा आहे. फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी नमुन्याचं कार्ड देत असे. ‘शर्ली कार्ड’ म्हणून ते ओळखलं जाई. त्यावर अनेक वर्षं गोऱ्या बाईचाच फोटो होता. तिची कातडी नीट दिसली की यंत्र नीट, असा हिशेब. सावळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात बसत नसत. आपल्याकडच्या फोनमधला ‘ब्यूटी मोड’ तर चेहरा दिसला की तो उजळ करूनच मोकळा होतो. कित्येकांना तो चालू आहे याचाही पत्ता नसतो. सावळ्या बाळाची कावीळ मुळातच डोळ्यांना उशिरा कळते. वर फोनने कातडी गोरी केली, तर उरलंसुरलंही जातं.

कावीळ तशी नेहमीची गोष्ट. पूर्ण दिवसांच्या साधारण ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात ती होते. बहुतेकांची आपोआप उतरते. लाल रक्तपेशी मोडून तयार होणारं बिलिरुबिन बाळाचं कच्चं यकृत पुरेशा वेगाने बाहेर टाकू शकत नाही, म्हणून कातडी पिवळी होते. ते फार वाढलं तर मेंदूत शिरतं आणि मग बहिरेपणा किंवा कायमचं अपंगत्व येऊ शकतं. वेळेत निळ्या उजेडाखाली ठेवलं तर हे टळतं. उपचार इतका साधा असताना केवळ फोटो चांगला आला म्हणून दोन दिवस गेले, तर ते फार महागात पडतं.

संशोधकांनी हा अंदाजाचा घोळ ओळखला आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात ‘बिलीकॅम’ नावाची फोनवरून कावीळ तपासायची पद्धत २०१४ मध्ये मांडली गेली, तेव्हा त्यांनी बाळाच्या छातीवर रंगांच्या चौकटी छापलेलं एक कार्ड ठेवलं. कार्डावरचे रंग आधीच माहीत असतात. फोटोत ते कसे बदलले हे पाहून बाळाच्या कातडीचा रंग दुरुस्त करता येतो. फोनवर भरवसा न ठेवता फोनच वापरायचा, ही कल्पना मला फार आवडते. अर्थात रक्ताच्या तपासणीची जागा ती घेत नाही.

प्रीसेट हा शब्दच वाईट, असंही नाही. सीटी स्कॅन पाहताना डॉक्टर दिवसभर प्रीसेटच वापरतात. ‘लंग विंडो’ लावली की फुप्फुसं उठून दिसतात, ‘बोन विंडो’ लावली की हाडं. फरक असा, की खालचे मूळ आकडे तसेच राहतात. विंडो बदलली की तोच स्कॅन पुन्हा नव्याने पाहता येतो. फोनने काढलेल्या नेहमीच्या फोटोत मात्र कॅमेऱ्याने बदललेला रंगच मूळ म्हणून साठतो. फिल्टर लावून व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून पलीकडच्या डॉक्टरांना मागे जाता येत नाही.

फोटो पाठवायचाच असेल तर दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी, फ्लॅश बंद करून काढा. ब्यूटी मोड आणि फिल्टर बंद. रंगीत दुपटं बाजूला करा आणि बाळाच्या छातीशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवा. कागद निळसर किंवा पिवळट दिसला, की फोटोतला रंग बिघडला आहे हे डॉक्टरांना कळतं. चेहऱ्यापुरता फोटो नको, कारण कावीळ डोक्याकडून पायाकडे उतरत जाते. पोट आणि तळपायही दिसू द्या. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर बारकावे टिकतात. जखमेचा, चट्ट्याचा किंवा पुरळाचा फोटो पाठवतानाही हेच करा.

काही वेळा मात्र फोटोच्या उत्तराची वाट पाहू नये. पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळं झालं, तळहात-तळपाय पिवळे दिसले, बाळ दूध ओढेना, सुस्त पडून राहिलं किंवा किरट्या आवाजात रडू लागलं, तर सरळ दवाखाना गाठावा. कोवळ्या उन्हात धरून ठेवणं हा त्यावरचा उपचार नव्हे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात. त्यांना बाळ उजेडात, अंगावरचे कपडे काढून दाखवा. त्या बाळाच्या कपाळावर किंवा छातीवर बोट हलकेच दाबून उचलतात. रक्त बाजूला सरून त्या जागी क्षणभर कातडीचा खरा रंग दिसतो.